कानोसा

आयाह पाण्यात उतरतो तेव्हा होडी त्याच्याकडे कलते
आणि मी आपोआप दुसऱ्या अंगाला सरकते.
बारा वर्षांची झाल्यापासून एवढंच माझं काम:
वजन म्हणून बसणं.
ऐकण्याचं काम सुलोंगचं होतं, थोरल्या भावाचं.
तो क्वालालंपूरला लिफ्ट दुरुस्त करतो.

एक हात होडीच्या काठाला,
बाकी सगळा माणूस पाण्याखाली.
डोळे मिटलेले असावेत. वरून मला
फक्त पांढरे केस दिसतात, शेवाळासारखे हलणारे.

वर आला की सांगतो:
खडकाकडे कोळंबी तडतडतेय, तापल्या तेलातल्या मोहरीसारखी.
गेलामा कुरकुरतोय, तेल मागणाऱ्या बिजागरीसारखा.
आणि सेलारचा थवा? त्याला आवाज म्हणू नये,
सुपातून तांदूळ घरंगळावेत तेवढंच.

चिकगू नोर्लीदांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले होते.
हवेत तीनशे चाळीस मीटर, पाण्यात पंधराशे,
एका सेकंदात.
हवेतले कण, म्हणाल्या, ऐसपैस उभे असतात,
निरोप द्यायला शेजाऱ्यापर्यंत चालत जावं लागतं.
पाण्यातले दाटीवाटीने, मागे न हटणारे,
एकाला ढोसलं की दुसऱ्याला लागलंच.
मी घरी येऊन सांगितलं. आयाह जाळ्याची भोकं सांधत होता.
‘पोचतं लवकर, ते मला ठाऊक आहे,
पण कुठून आलं, ते विचार तुझ्या चिकगूंना.’

मी विचारलं नाही. पुढे कळलं:
आवाज इतका झपाट्याने येतो
की दोन्ही कानांना एकदमच सापडतो,
डावं-उजवं करायला उसंत देत नाही.
म्हणून आयाह पाण्यात हळूहळू फिरतो,
जुन्या कुलपातल्या किल्लीसारखा,
कुठेतरी अडेपर्यंत.

गेल्या हारी रायापासून त्याला हवेतलं ऐकू येत नाही.
अजान झाली हे तो शेजाऱ्यांच्या पायांवरून ओळखतो.
आई ओरडते, तो भलत्याच ठिकाणी हसतो.
तेरेंगानूच्या डॉक्टरांनी दिलेलं यंत्र
बिस्किटांच्या डब्यात आहे, सुईदोऱ्यासोबत.

तरी पाण्यातून बोट वर येतं, आणि बरोबर असतं.
(बहुतेकदा. हल्ली ट्रॉलर दूरवर असला तरी
तो थुंकत वर येतो: ‘आज समुद्र नाही, कारखाना आहे.’)
कानाचा पडदा गेला म्हणून पाण्याचं काय अडतं?
ते सरळ कवटीचं दार वाजवतं.

काल मला त्याला एक गोष्ट सांगायची होती.
जोहोरच्या कारखान्यातलं पत्र, एक तारखेपासून हजर व्हा.
घरात ओरडून सांगण्यासारखी नव्हती ती,
अख्ख्या गल्लीने आधी ऐकली असती.

तो खाली गेला. होडी कलली.
मी सरकले नाही. माझ्या बाजूने मीही उतरले.
होडी सरळ झाली.
आमच्या मध्ये चेंगाल लाकडाची एक होडी,
आजोबांनी बांधलेली.

खाली आधी नुसता गोंगाट.
मग मोहरी. खरोखर मोहरी.
आणि माझंच रक्त.

तोंड फळीला टेकवून मी बोलले.
निम्मे शब्द बुडबुडे होऊन वर गेले,
त्यांना हवेतच जायचं होतं.
उरलेले लाकडात शिरले की नाही, कोण जाणे.
म्हणून अंगठीने तीनदा ठोकलं.

पलीकडून काहीच आलं नाही.
मग ठक्. एकच.
बोटाचं हाड, किंवा लाटेने हललेलं वल्हं.

श्वास घ्यायला आम्ही एकदमच वर आलो.
त्याने माझ्याकडे पाहिलं, ओल्या केसांकडे,
रिकाम्या बाकाकडे,
आणि दक्षिणेकडे बोट केलं.
तिकडे मासे होते की जोहोर,
हे मी विचारलं नाही, त्याला ऐकू आलं नसतं.

जाळं तिकडेच टाकलं.
सतरा गेलामा निघाले, आणि एक चप्पल.